नेमाचे माप कोणत्या दिवसावरून घ्यावे

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

संघाची जबाबदारी अंगावर आल्यापासून एकही नेम धड चालत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पहाटेचा व्यायाम, रोजचे वाचन, आठवड्याचे नियोजन आणि प्रत्येक सहकाऱ्याशी स्वतंत्र बोलणे, हे सारे एकदम सुरू केले आणि पंधरवड्यात सारेच सुटले, याचे मला नवल वाटले नाही. निश्चयात तुम्ही कमी पडलात असे मी म्हणणार नाही. नेम ठरवताना तुमच्या डोळ्यांपुढे मोकळा दिवस होता, आणि तसा दिवस आता तुमच्या वाट्याला क्वचितच येणार आहे.

म्हणून नेमाचे माप सर्वांत धकाधकीच्या दिवसावरून घ्यावे. ज्या दिवशी दोन तातडीच्या बैठका वाढतात, प्रवास लांबतो आणि रात्री अंगात त्राण उरत नाही, त्या दिवशीही जे जमेल तेवढेच ठरवा: वाचनाची दोन पाने, दहा मिनिटांचे चालणे. सवड असेल त्या दिवशी जास्त खुशाल करा, पण ते जास्तीचे नेमात धरू नका. बघता बघता तोच नवा दंडक होतो आणि पुन्हा मोडतो.

सवय एकवीस दिवसांत लागते, या प्रचलित समजुतीवर फार विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या साध्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवस आला, पण व्यक्तीव्यक्तींतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. तुमच्या दृष्टीने मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. नेम मोडला म्हणून तो सोडूनच देणे, ही घाई मात्र महागात पडते.

दुसरे असे की, तुमच्या दिवसात घड्याळाची वेळ तुमच्या हाती राहत नाही. तेव्हा नेम वेळेला न बांधता घटनेला बांधावा. ‘सहा वाजता उद्याची आखणी करीन’ यापेक्षा ‘शेवटची बैठक संपली की लॅपटॉप मिटण्यापूर्वी उद्याचे पहिले काम लिहीन’ हे टिकते, कारण बैठक आठला संपली तरी ती संपतेच. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘जर-तर’ संकल्पांवर पुष्कळ काम केले आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे वळतो. तुमचा व्यायाम चुकला तर तुमचेच नुकसान होते. सहकाऱ्याशी ठरलेली भेट चुकली तर ते तसे राहत नाही. समजा, दर सोमवारची अर्ध्या तासाची भेट आहे. पहिल्या खेपेस तो मुद्दे लिहून आणतो आणि भेटीच्या पाच मिनिटे आधी ‘आज पुढे ढकलूया’ असा तुमचा निरोप मिळतो. पुढच्या खेपेस तो निम्मीच तयारी करतो. तिसऱ्या खेपेस तुम्ही वेळेवर येऊन बसता, आणि तो ‘विशेष काही नाही, सगळे ठीक आहे’ एवढेच बोलतो. त्या वाक्यामागे एखादी रखडलेली अडचण असू शकते, पण ती आता तुम्हाला महिन्याभराने, चिघळल्यावर कळेल. वरिष्ठाच्या अनियमितपणाबद्दल कोणी तोंडावर तक्रार करत नाही, हीच यातली खरी मेख आहे.

तेव्हा चारांपैकी एकच नेम आधी धरायचा असेल, तर ज्याची दुसरा कोणी वाट पाहतो तो धरा. अर्धा तास निघत नसेल तर भेट पंधरा मिनिटांची करा, आठवड्याऐवजी पंधरवड्याने ठेवा, पण ठेवलेली मोडू नका. मोडावीच लागली तर नवी वेळ त्याच निरोपात कळवा. वाचन आणि व्यायाम यांचे दोन महिन्यांनी पाहू.

आपला स्नेहांकित