पाण्यातल्या कणाचा आधीचा वेग लक्षात कोण ठेवते?

आपण विचारले आहे की, पाण्यातला सूक्ष्म कण रेणूंच्या धडकांनी क्षणोक्षणी दिशा बदलत असेल, तर त्याच्या आत्ताच्या वेगाचा मघाच्या वेगाशी संबंध टिकतो असे का म्हणतात. आपल्याला तर सूक्ष्मदर्शकाखाली तसे काहीच आढळले नाही. मी रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवत असे आणि कित्येक वर्षे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देत आलो, हे आधी कबूल करतो.

ते अर्धे उत्तर फ्रेंच पदार्थवैज्ञानिक लांजेव्हँ यांचे, १९०८ सालचे. पाण्याचा रोध वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणून सहसंबंध (आत्ताच्या आणि मघाच्या वेगांतला संबंध) घातांकी नियमाने, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने, ओसरतो. १ मायक्रोमीटर व्यासाच्या, पाण्याइतक्याच घनतेच्या कणासाठी हा ओसरण्याचा काळ, म्हणजे विश्रांतिकाल, सुमारे ०.०६ मायक्रोसेकंद येतो आणि असे दहा काल उलटले की सहसंबंधाचा जेमतेम बावीस हजारावा भाग उरतो.

यात एक गोष्ट निसटते: कणाने गमावलेला संवेग नाहीसा होत नाही, तो पाण्याकडे जातो. आमच्या खाडीत नवखा माणूस होडी धक्क्याला लावताना वेग एकदम तोडतो, तेव्हा होडी मंदावते, पण तिच्यामागून ओढले गेलेले पाणी मंदावलेले नसते. ते मागून येऊन तिला पुन्हा हातभर पुढे रेटते आणि होडी धक्क्याच्या टायरांवर आपटते. मुरलेला तांडेल हे पाणी हिशेबात धरूनच वेग आधीपासून उतरवत आणतो. (उपमा थोडी लंगडी आहे, कारण होडीच्या बाबतीत जडत्व आणि लाटांचे राज्य असते, तर कणाच्या बाबतीत श्यानतेचे, म्हणजे पाण्याच्या चिकटपणाचे.)

कणाभोवतीही असाच, कड्यासारखा भोवरा तयार होतो आणि कणाला त्याच्याच जुन्या दिशेने हलकेच ढकलत राहतो. श्यानतेमुळे हा संवेग विसरणाने पसरतो. त्याने व्यापलेले घनफळ काळाच्या दीड घातानुसार वाढते, म्हणून त्यातला वेग, आणि त्याबरोबर सहसंबंधही, काळाच्या उणे दीड घाताने घटतो. काळ दसपट झाला तरी घट फक्त बत्तीसपट, त्यामुळे सहसंबंधाचे हे उरलेले शेपूट फार लांब असते. आल्डर आणि वेनराइट या संशोधकांना ते १९७० साली संगणकावर, कठीण गोळ्यांच्या द्रवात दिसले आणि त्यामागचा भोवराही दिसला. द्विमितीत तर घट इतकी संथ असते की नेहमीच्या व्याख्येने विसरण गुणांकच (कण किती झपाट्याने पसरत जातो त्याचे माप) अनंत येतो. त्रिमितीत मात्र तो सांत राहतो, आणि त्या गुणांकाचे आइनस्टाइन यांचे १९०५ चे सूत्र अबाधित राहते.

आता आपल्या प्रयोगाकडे येतो. वरच्या कणाच्या त्रिज्येइतके अंतर पाण्यातला संवेग ०.२५ मायक्रोसेकंदात ओलांडतो, तर सेकंदाला ३० चित्रे टिपणारा कॅमेरा दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या लाखपटीहून अधिक काळ जाऊ देतो. तेवढ्यात ते शेपूटसुद्धा मोजण्यापलीकडे क्षीण झालेले असते, म्हणून आपल्या नोंदींत लागोपाठची विस्थापने एकमेकांशी असंबद्ध दिसली, आणि ती तशीच दिसायला हवी होती.