विकू की ठेवू: एक कोटी दहा लाखांचे आरएसयू आणि घराचा हप्ता

तुमचा मेल दोनदा वाचला आणि खरं सांगू का, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही अगदी शेवटी जाता जाता टाकलाय. त्याच्याकडे येतोच. आधी तुमची गोष्ट थोडक्यात मांडतो, काही चुकत असेल तर सांगा.

वय ३६, हिंजवडीत एका अमेरिकन इंटरनेट कंपनीत नोकरी, बायको शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची. कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले आणि आता हातात आलेले शेअर, म्हणजे व्हेस्ट झालेले आरएसयू, आजच्या भावाने १ कोटी १० लाखांचे. अजून ५५ लाखांचे व्हेस्ट व्हायचेत. घराचं कर्ज ६१ लाख, व्याज ८ टक्के, १६ वर्षं बाकी, हप्ता साडेछप्पन हजारांच्या आसपास. पीएफ १४ लाख, म्युच्युअल फंड ८ लाख. बायको म्हणते विका आणि कर्ज फेडा, तुम्ही म्हणता शेअर चार वर्षांत दुप्पट झालाय, २ कोटी होऊ देत मग एकदमच कर्ज संपवू, आणि आत्ता विकला तर टॅक्स बसेल तो वेगळाच. शेवटी एक ओळ, "एफडी ३ लाख, तेवढीच."

हाच तो आकडा. हप्ता आणि घरखर्च धरून तुमचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आत-बाहेर आहे, म्हणजे उद्या पगार थांबला तर ३ लाख अडीच महिने पुरतील. त्यानंतर काय? त्यानंतर शेअर विकणार, बरोबर? आणि घोळ नेमका तिथेच आहे.

तुमचा पगार त्या कंपनीतून येतो, बोनस तिथूनच, घराचा हप्ता त्या पगारातून जातो, मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स पण कंपनीचाच (हे तुम्ही लिहिलंय, त्याच्यावर वेगळं ओरडायचंय मला), आणि साठवलेल्या पैशातले शंभरातले ऐंशी रुपये पण त्याच कंपनीच्या शेअरमध्ये. सगळी धुणी एकाच खुंटीला. खुंटी मजबूत आहे हो, मान्य, मी पण त्यांचं ॲप रोज वापरतो, पण तुमची कंपनी चांगली आहे का हा प्रश्न वेगळा आणि तुमच्या घरातलं सगळं तिच्यावरच अवलंबून असावं का हा वेगळा. मेलमध्ये तुम्ही पहिल्याचं उत्तर तीन परिच्छेद दिलंय, दुसऱ्याला हातच लावलेला नाही.

मेटाचं उदाहरण घ्या, फेसबुकवाली. २०२२ च्या फेब्रुवारीत एका दिवसात शेअर २६ टक्के पडला. पडत पडत नोव्हेंबरात ९० डॉलरच्या आसपास आला, आदल्या वर्षी तोच ३८० ला होता. आणि त्याच नोव्हेंबरात कंपनीने ११ हजार लोकांना घरी पाठवलं. आता तुम्ही म्हणाल २०२३ मध्ये तो जवळपास तिप्पट झाला की! झाला ना. पण नोकरी गेलेल्या ज्याच्या खात्यात अडीच महिन्यांचे पैसे होते आणि डोक्यावर हप्ता होता, त्याने तो ९० लाच विकला असणार. वर येईपर्यंत थांबायला शेअरवरचा विश्वास पुरत नाही, हातात रोकड लागते. भाव पडणं आणि नोकरकपात या दोन गोष्टी टेक कंपन्यांमध्ये बऱ्याचदा हातात हात घालून येतात, कारण दोन्हींचं मूळ एकच असतं.

आणि दरवेळी लवकर वर येतोच असंही नाही. सिस्को २००० च्या मार्चमध्ये काही दिवस जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती, नंतर शेअर ८० डॉलरवरून दहाच्या खाली गेला आणि तो जुना भाव परत दिसायला पंचवीस वर्षं लागली. कंपनी बुडाली नाही बरं का, नफ्यात होती, आजही आहे. मायक्रोसॉफ्ट तर मायक्रोसॉफ्ट, तिलाही १९९९ च्या डिसेंबरचा भाव ओलांडायला २०१६ उजाडलं. तुमचं कर्ज १६ वर्षांचं आहे, एवढंच लक्षात घ्या.

माझी स्वतःची पण एक फजिती सांगतो. सल्लागार व्हायच्या आधी मी एका आयटी कंपनीत होतो, ऑप्शन्स (ठरलेल्या भावाला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) मिळाले होते, आणि एका विशिष्ट भावाला विकू असं ठरवलं होतं. तो भाव आला तेव्हा वाटलं अजून थोडं थांबू. तुमच्या "२ कोटी होऊ देत" मध्ये मला तोच मी दिसतोय. दोन कोटी झाल्यावर तुम्ही अडीचचं बोलाल, लिहून देतो.

आता टॅक्स, कारण गैरसमज मुख्य इथेच आहे. "ठेवले तर टॅक्स वाचतो" असं तुम्ही लिहिलंय. पण आरएसयू व्हेस्ट झाला त्या दिवशीच त्याची पूर्ण किंमत तुमच्या पगारात धरली गेली आणि टॅक्स कापला गेला. शंभर शेअर आले की एकतीसच्या आसपास तिथेच विकले जातात आणि उरलेले तुमच्या खात्यात येतात ते यामुळेच. तो टॅक्स कधीच गेलाय, विका नाहीतर ठेवा. व्हेस्टच्या दिवशीच विकलं तर वर जवळपास काहीच बसत नाही कारण नफाच नसतो. म्हणजे न विकता ठेवणं हे, बोनस रोख हातात घेऊन त्याच दिवशी सगळ्याचे कंपनीचे शेअर घेतल्यासारखंच झालं. तुम्ही घेतले असते का? सगळ्याच्या सगळ्याचे? मला नाही वाटत.

नंतर जी वाढ झाली फक्त तिच्यावर कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स. हे शेअर भारतात लिस्टेड नाहीत म्हणून २४ महिन्यांच्या वर ठेवलेले लाँग टर्म, त्यावर १२.५ टक्के, त्याच्या आतले असतील तर स्लॅबप्रमाणे. तुमच्या १ कोटी १० लाखांतले ७० लाखांचे शेअर दोन वर्षांपेक्षा जुने आहेत, व्हेस्टच्या वेळची किंमत ३६ लाख, म्हणजे नफा ३४ लाख. सेस (टॅक्सवर लागणारा जादा कर) धरून टॅक्स होतो ४ लाख ४२ हजार. जीवावर येतं, कळतं मला. पण ७० लाखांवर साडेसहा टक्के सुद्धा नाही हे, आणि तुमचा शेअर एखाद्या खराब तिमाहीच्या निकालानंतर एका रात्रीत यापेक्षा जास्त हलतो.

तेव्हा हे ७० लाखांचे विका, फक्त सगळे एकदम विकू नका. पगार आणि व्हेस्टिंग धरून तुमचं करपात्र उत्पन्न ३१ लाख आहे. त्यात ३४ लाखांचा नफा मिळवला की ५० लाखांची रेघ ओलांडली, आणि मग सगळ्या टॅक्सवर, म्हणजे पगारावरच्या सुद्धा, १० टक्के सरचार्ज लागतो. तुमच्या आकड्यांत ते जवळपास ९७ हजार होतात, फुकट. म्हणून निम्मे ३१ मार्चच्या आधी, निम्मे नवीन आर्थिक वर्षात. दोन्ही वर्षी १७-१७ लाख नफा दिसेल, उत्पन्न ४८ लाखांवर थांबेल. (पुढच्या वर्षी पगार बराच वाढणार असेल तर दुसरी खेप थोडी लहान ठेवा.) मार्चमधल्या नफ्याचा ॲडव्हान्स टॅक्स मार्चमध्येच भरून टाका. डॉलरचे रुपये करताना विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा एसबीआयचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो भाव) धरायचा असतो, हे सीएला माहीत असेलच पण विचारून घ्या.

पहिल्या खेपेत टॅक्स जाऊन ३२-३३ लाख हातात येतील. त्यातले २५ लाख कर्जात. हप्ता कमी करून घेऊ नका, बँक तेच सुचवेल, तुम्ही हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. १६ वर्षांचं कर्ज साधारण ७ वर्षांवर येतं, मुलगी अकरा वर्षांची असताना घर मोकळं. फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडायचा दंड नसतो. आणि तुम्ही नव्या टॅक्स रेजीममध्ये आहात, राहत्या घराच्या व्याजाची वजावट तिथे मिळत नाही, त्यामुळे ८ टक्के वाचले म्हणजे खरोखरचे ८ टक्के वाचले, तेही शंभर टक्के खात्रीचे. उरलेले ७ लाख एफडीत, म्हणजे एकूण १० लाख, आठ-नऊ महिन्यांची सोय. सगळं कर्ज का नाही फेडायचं? कारण मग हातात परत काही राहत नाही आणि घराची वीट विकून भाजी आणता येत नाही. बायकोचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे, पूर्ण नाही, हे तुम्ही तिला सांगा, मी नाही सांगणार.

दुसऱ्या खेपेचे पैसे हळूहळू इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात. अमेरिकन टेकवर विश्वास आहेच तर त्यातला थोडा भाग भारतातल्या अशा म्युच्युअल फंडात टाका जो नॅस्डॅक १०० किंवा एस अँड पी ५०० हे अमेरिकन निर्देशांक घेतो (परदेशी गुंतवणुकीला फंड उद्योगासाठी ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे त्यामुळे हे फंड अधूनमधून नवे पैसे घेणं बंद करतात, चालू असेल तेव्हा टाकायचे).

तिथे फंडच का म्हणतोय त्याला एक कारण आहे आणि हे तुमच्या ऑफिसमधल्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. अमेरिकन कंपनीचे शेअर थेट तुमच्या नावावर असताना तुमचं काही बरंवाईट झालं, तर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स (मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा कर) लागतो, तुम्ही तिथले नागरिक किंवा रहिवासी नसलात तरी. माफी फक्त ६० हजार डॉलरपर्यंत, वर चढत्या दराने ४० टक्क्यांपर्यंत, आणि यासाठी भारताचा अमेरिकेशी करार नाही. तुमचे शेअर आज सव्वा लाख डॉलरचे आहेत. ढोबळ हिशोबाने १८ हजार डॉलर, म्हणजे १६ लाख रुपये, आणि ते भरून तिकडची कागदपत्रं मिळेपर्यंत बायको ब्रोकरच्या मेलला उत्तरं देत बसणार. अशा वेळी. ७० लाखांचे विकले की उरलेले ४० लाख या मर्यादेच्या आत येतात. भारतीय फंडाच्या युनिट्सना ही भानगडच नाही.

त्या ४० लाखांतले गेल्या दोन-तीन व्हेस्टचे, ज्यात अजून नफाच नाही, ते पण काढले तरी चालेल. बाकी ठेवा. मन रमायला पाहिजेच, शिवाय अजून ५५ लाखांचे यायचेत, उद्या भाव दुप्पट झाला तरी "आपण गाडीच सोडली" असं होणार नाही. इथून पुढे मात्र नियम एकच करा, व्हेस्ट झाला त्याच आठवड्यात विकायचा, भाव न बघता.

रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरताय ना? मेलमध्ये उल्लेख नाही म्हणून विचारतोय. व्हेस्ट झालेला प्रत्येक शेअर तिथे दाखवावा लागतो, एकही विकला नसला तरी, आणि तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. २० लाखांच्या वर परदेशी मालमत्ता असून दाखवली नाही तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने यासाठी मोहीमच काढली होती, माहिती त्यांच्याकडे आपोआप येते. राहिलं असेल तर आधी सीएकडे, मग बाकी सगळं.

आणि टर्म इन्शुरन्स स्वतःचा घ्या, दीड-दोन कोटींचा, याच महिन्यात. नोकरी गेली की कंपनीचा जातो.

आता घाई एकाच गोष्टीची आहे. तिमाही संपत आली की अशा कंपन्या कर्मचाऱ्यांना शेअर विकायला बंदी करतात, ती निकाल लागून एक-दोन दिवस जाईपर्यंत उठत नाही. तुमची विंडो, म्हणजे विकायला मुभा असलेला काळ, मार्चच्या मध्यातच बंद होत असेल तर ३१ मार्चचा सगळा हिशोब फिसकटेल. आज ऑफिसला गेलात की आधी ती तारीखच विचारा.