मी मॉर्मन नाही. बीवाययूला (ब्रिघम यंग युनिव्हर्सिटी, प्रोव्हो, अमेरिका) एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिकताना तिथल्या सेवा उपक्रमांत भाग घेता येईल का?

हो, येईल. विद्यापीठ मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं असलं तरी त्या चर्चचं सदस्यत्व लागत नाही आणि काम खरोखरच विनामोबदला असेल तर एफ-१ व्हिसाही आड येत नाही. विल्किन्सन स्टुडंट सेंटरमध्ये ‘वाय-सर्व्ह’ नावाचं विद्यापीठाचं सेवा केंद्र आहे, तिथे थेट जाऊन नाव द्यायचं. शाळकरी मुलांची शिकवणी, एकट्या वृद्धांना भेटणं, अपंगांना पोहायला मदत करणं अशी कामं मिळतात. पहिल्या सत्रात अभ्यासाचा अंदाज येत नाही, तेव्हा ‘स्टॉप अँड सर्व्ह’ बरं: दोन लेक्चरच्या मधे अर्धा तास मोकळा असला की टेबलाशी बसून गरजूंसाठी काहीतरी बनवायचं आणि उठायचं. आठवड्याला बांधून घेणारं काम मात्र झेपेल तेवढंच घ्या. शिकवणीचं मूल तुमची वाट बघत बसतं! कॅम्पसबाहेरचं काम हवं असेल तर चर्चच्याच ‘जस्टसर्व्ह’ या संकेतस्थळावर शोधा, तेही सगळ्यांना खुलं आहे.

एकच सांभाळा. ज्या कामासाठी एरवी माणूस पगारावर ठेवतात (दुकानाचा काउंटर, कंपनीची वेबसाइट वगैरे), ते फुकट केलं तरी अमेरिकी नियमांत ते ‘नोकरी’ ठरू शकतं. ‘पैसे कुठे घेतले?’ ही सबब तिथे चालत नाही. शंका आली तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, मगच हो म्हणा.