आहार-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई 81 वर्षांची, नाशिकजवळच्या वृद्धाश्रमात असते. सहा महिन्यांत तिचं वजन 58 किलोवरून 52 वर आलं. तिथल्या बाई म्हणतात, "दोन्ही वेळा जेवतात, या वयात असं व्हायचंच." अल्ब्युमिनचा (रक्तातल्या एका प्रथिनाचा) रिपोर्ट चांगला आहे. काळजी करावी का? घरून डबा न्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : करावी, ताई. सहा महिन्यांत आपोआप दहा टक्क्यांवर वजन उतरलं, तर ते वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अल्ब्युमिनवर विसंबू नका. जंतुसंसर्गात किंवा यकृताच्या दुखण्यात ते घटतं आणि खाणं कमी पडत असतानाही कित्येकदा ठीक दिसतं.

"जेवतात" म्हणजे ताट वाढलं जातं. परत काय जातं ते सहसा कोणी बघत नाही. म्हणून पुढच्या वेळी चारच्या चहाला नको, जेवणाच्या वेळी जा. भरवू नका, नुसत्या शेजारी बसा. पोळी तशीच राहून वरणभातच संपतो का? मग कवळी बघा. वजन उतरलं की ती आणखी सैल होते आणि बरेच जण ती डबीतच ठेवतात. पाणी पिताना ठसका लागतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी आधी, आग्रह नंतर. बाथरूमला नेण्यासाठी सारखं कोणाला हाक मारायची, या संकोचाने पाणी आणि ताक टाळणाऱ्या आज्याही मी पाहते. त्या हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

बांगड्या कोपराकडे सरकतात का, कानशिलं खोल गेलीत का, तेही पाहा. गुडघा काटकोनात ठेवून बसवा आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. 31 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तो धोक्याचा इशारा. पायांना सूज असेल तर मात्र हे माप फसवं, आणि वजनही.

रात्रीचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता साडेआठला असेल, तर मधे चौदा तास पोट रिकामं. झोपताना कपभर दूध किंवा नाचणीची खीर मागून घ्या. यात भांडण्यासारखं काही नाही, स्वयंपाकघराला सहज जमतं.

डबा जरूर न्या, पण गुलाबजाम नकोत. दाण्याचा कूट घातलेली मऊ भाजी, पनीर कुस्करून केलेला पराठा, चालत असेल तर उकडलेलं अंडं. 52 किलोच्या बाईंना दिवसाला निदान 55-60 ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि पातळ वरणाच्या वाटीत ती फार नसतात. किडनीचा त्रास असल्यास हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेह-बीपीचं पथ्य अळणी होऊन भूकच मारत असेल, तर ते थोडं सैल करता येईल का, हेही त्यांनाच विचारा. औषधांची यादी सोबत न्या; मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासायला सांगा.

वजन दर महिन्याला त्याच काट्यावर, नाश्त्याआधी. वही तुमच्याकडे ठेवा.