किरण म्हणावं की कण?

दापोलीजवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलंय : “कॉस्मिक रे शिकवताना मी ‘वैश्विक किरण’ म्हटलं. एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, ते तर प्रोटॉन ना? मग कण म्हणा, किरण कशाला?’ काय सांगू त्याला? आणि डार्क मॅटरला ‘कृष्ण पदार्थ’ चालेल का? डिटेक्टरला काय म्हणू?”

बाई, मुलगा विज्ञानात बरोबर आहे. अवकाशातून पृथ्वीवर होणारा हा मारा नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रोटॉनांचा, उरलेला बहुतेक हेलियमच्या अणुकेंद्रांचा. तरी ‘किरण’ सोडू नका. फसगत झाली ती इंग्रजीत. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ १९१२ साली फुग्यातून पाच हजार मीटरच्या वर गेला, तेव्हा उंचावर प्रारण (रेडिएशन) वाढतं, म्हणजे ते वरून येतं, एवढं कळलं. अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकनने १९२५मध्ये ‘कॉस्मिक रे’ हे नाव दिलं ते हे गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचेच भाऊबंद, असावेत अशा समजुतीने. पुढे याकोब क्ले हा डच शास्त्रज्ञ जावा ते युरोप अशा बोटींवर उपकरण घेऊन फिरला. विषुववृत्ताकडे मारा कमी भरतो असं त्याला आढळलं. पृथ्वीचं चुंबकत्व या माऱ्याला वळवतं, तर त्यावर विद्युतभार हवा, म्हणजे ते कण. पण नाव तोवर रुळलं होतं.

आपला शब्द मात्र सुटतो. इंग्रजी ‘रे’च्या मुळाशी लॅटिनमधला चाकाचा आरा आहे, सरळ काठी. ‘किरण’ आला ‘कॄ’ धातूपासून, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘विक्षेप’ : फेकणं, विखुरणं. प्रकीर्ण, संकीर्ण, विकिरण ही त्याच घरातली. पायाने माती उकरून उडवणाऱ्या कोंबडीसारख्या पक्ष्यांना संस्कृतात ‘विष्किर’ म्हणतात, तेही नात्यातलेच. कोशात किरणाचा एक जुना अर्थ तर चक्क ‘धूळ’ असा आहे. मुलांनी रोहिणीतली धूळवाफ पेरणी पाहिली असेल. कोरड्या मातीत मुठीने भात फेकतात, दाणे सुटे सुटे पडतात. धातूला धरून बोलायचं तर तो ‘किरण’च. हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात धूळ होती असा माझा दावा नाही. पण बसतो तो चपखल बसतो.

मला खटकतो तो ‘वैश्विक’. हल्ली तो हिंदीच्या वाऱ्याने ‘जागतिक’ या अर्थी वापरतात. ‘विश्वकिरण’ आटोपशीर आहे, तोच घ्या.

अशा एका कणाची हवेतल्या अणुकेंद्राशी टक्कर झाली की दुय्यम कणांचा लोंढा खाली येतो. पुस्तकात ‘वर्षाव’ लिहितात. कोकणात राहून वर्षाव कशाला? ‘सर’ म्हणा. न सांगता येते, तेवढ्याच टापूत पडते, पुढच्या क्षणी नाही, शिरव्यासारखी. त्यातले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, थेट समुद्रसपाटीला पोचतात, चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. हर्णैच्या वाळूत मुलांना तळहात आडवा धरायला सांगा. मिनिटभरात शंभराच्या आसपास आरपार जातील आणि कोणालाही कळणार नाही.

‘कृष्ण पदार्थ’ मात्र नको. ‘कृष्ण वस्तू’ (ब्लॅक बॉडी) म्हणजे पडलेला सगळा प्रकाश शोषणारी, आणि कृष्णविवर तर प्रकाश गिळतं. डार्क मॅटर यांतलं काहीच करत नाही. प्रकाशाशी त्याचं देणंघेणंच नाही. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने १९३३मध्ये कोमा या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि दिसणाऱ्या वस्तुमानाने एवढ्या वेगाच्या दीर्घिका एकत्र राहणार नाहीत, म्हणजे न दिसणारं वस्तुमानही असणार, असं म्हटलं. लाइट गेल्यावर पडवीत झोपाळ्याच्या कड्या करकरतात. माणूस दिसत नाही, पण वजन आहे हे कळतं. ते काळं नाही, काळोखातलं आहे. मी ‘अदृश्य द्रव्य’ म्हणतो.

राहिला डिटेक्टर. अदृश्य द्रव्याचे प्रयोग विश्वकिरणांची सर चुकवायला जमिनीखाली करतात. झारखंडात जादूगुडाच्या युरेनियम खाणीत ५५० मीटर खोल तशी प्रयोगशाळा आहे. तिथे ‘शोधक’ शब्द वापरलात तर ‘शोधकाने शोधक खाणीत उतरवला’ असं वाक्य होतं, आणि कोण कोणाला उतरवतोय ते मुलांनाच विचारावं लागेल. ‘अभिज्ञातक’ नववीच्या जिभेवर बसत नाही. सरळ ‘डिटेक्टर’ ठेवा आणि क्रियापद मराठी घ्या : डिटेक्टर कण टिपतो.