पावसाळ्यातली चराई : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाऊस लागल्यापासून शेळ्यांना हगवण आहे, दोघींच्या जबड्याखाली सूज आली आहे. महिन्यापूर्वीच सगळ्या कळपाला जंताचे औषध पाजले होते. औषधच खोटे निघाले का?

उत्तर : औषधाला दोष देण्याआधी डोळे बघा. अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतला भाग लालसर असेल तर चिंता नाही. फिकट किंवा पांढरा पडला असेल तर चौथ्या पोटातला, रक्त पिणारा हिमॉन्कस जंत गृहीत धरा. जबड्याखालची मऊ, पाणी भरल्यासारखी सूज बहुधा त्याचीच. हगवण मात्र या जंताने सहसा लागत नाही. तिच्यामागे दुसरे जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा नुसते कोवळे गवतही असू शकते, म्हणून ताज्या लेंड्या तपासून घ्याच.

उबदार ओलीत लेंडीतल्या अंड्यांपासून आठवडाभरात अळ्या तयार होऊन गवतावर चढतात. शेळीने त्या गिळल्या की साधारण तीन आठवड्यांत नवे जंत अंडी घालू लागतात. औषध पाजून शेळ्या त्याच कुरणात सोडल्या असतील, तर महिन्यात सगळे होते तिथेच आले.

खरा उपाय कुरणात आहे. त्याचे आठ-नऊ तुकडे पाडा. एका तुकड्यात चारच दिवस चारा, मग तो निदान महिनाभर मोकळा ठेवा. बहुतेक अळ्या गवताच्या तळच्या दोन-तीन इंचांत असतात, तेव्हा गवत चार बोटांच्या खाली खाऊ देऊ नका. त्याने मुळांनाही जोर राहतो, जमीन उघडी पडून धुपत नाही. सकाळी दव सुकल्यावरच कळप सोडा.

औषध सरसकट नको. फिकट पापणीच्या शेळ्यांनाच द्या. मात्रा वजन करूनच ठरवा. अंदाजाने कमी पाजले की जंत औषधाला सरावतात, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. औषधाआधी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी लेंडीतली अंडी मोजून घ्या. ती ९५ टक्क्यांनी घटली नाहीत तर औषध बदलायची वेळ आली. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेन्डाझोल हे जंताचे औषध देऊ नका.

प्रश्न : ओढ्याकाठी भरपूर गवत आहे. गाई तिथे चारल्या तर?

उत्तर : पाणथळीत गोगलगाई असतील तर नको. यकृतातल्या चपट्या कृमींचा फेरा त्यांच्यातूनच पुरा होतो. तेवढा पट्टा कुंपणाने तोडा, पाणी हौदात पाजा. तिथले ओले गवत कापून गोठ्यात टाकले तरी धोका तोच. शिवाय ओल्या जमिनीवर खुरांनी माती दबते, मग पुढच्या हंगामात गवत विरळ येते.

प्रश्न : पावसाने ओढ दिली, आता ज्वारीचा खोडवा हिरवा फुटला आहे. जनावरे सोडू का?

उत्तर : अजिबात नाही. ताण पडून पुन्हा फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य सर्वांत जास्त असते, युरिया टाकला असेल तर आणखी. फुलोऱ्यात आल्यावर कापा. नुसती कोमेजलेली ज्वारी सुरक्षित नसते. उन्हात पूर्ण वाळवा किंवा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) करा. चुकून खाल्ली तर काही मिनिटांतच धाप, थरथर, हिरड्या लालभडक अशी लक्षणे दिसतात. घरगुती काढे पाजण्यात वेळ घालवू नका, पशुवैद्यकाला तिथल्या तिथे बोलवा. सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत गेले तर जनावर वाचू शकते.