खापरपणजोबा पुरंदर तालुक्यात इनामदार होते असं घरात सांगतात, पण कागद एकही नाही. माहिती कुठे शोधावी?

सातबाऱ्यापासून सुरुवात करू नका. आपल्याकडे हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्याआधीचा फेरफार मागितलात तर तलाठी हसेल. तुम्हाला हवे ते कागद पुण्यातच, कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात असण्याची शक्यता जास्त. जुनी माणसं त्याला अजून पेशवे दफ्तरच म्हणतात.

तुमच्या हातातला धागा म्हणजे ‘इनाम’ हा शब्द. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि माफीची, म्हणजे सारा माफ असलेली जमीन कोणी, कधी, कशासाठी दिली हे इनामदारांना सिद्ध करावं लागलं. कित्येकांच्या जमिनी गेल्या. पण त्यापायी कैफियती, म्हणजे हक्काची लेखी निवेदनं लिहिली गेली, वंशावळी जोडल्या गेल्या, आणि आज आपण त्यांवरच जगतो! १८६३ च्या कायद्यांनंतर ज्यांचं इनाम टिकलं त्यांना सनदा मिळाल्या, त्याही बघा.

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, मागवताना नुसतं आडनाव सांगून भागत नाही. कागदात बहुतेक वेळा ‘अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक, मौजे अमुक’ एवढंच असतं, त्यामुळे गाव पक्कं हवं. तालुकेही बदललेत. १८७५ चा सावकारांविरुद्धचा दंगा जिथे पेटला ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. कागदावर फसली, म्हणजे जुनं महसुली साल असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण जुळतं.

आता माझी फजिती. आमच्या गावच्या एका पाटलाचा माग काढताना मला फसली १२६४ ची, म्हणजे १८५४-५५ ची जबानी सापडली. जाड पिवळट कागद, डोक्यावरच्या लांब रेघेला लटकलेली मोडी अक्षरं, आणि खाली सहीच्या जागी चिमुकला नांगर. निशाणी नांगराची! पुढे त्याच नावाचं १८८१ चं गहाणखत मिळालं. चार महिने मी दोन्ही कागद एकाच माणसाचे समजून टिपणं काढत बसलो. मग एका रात्री जबानीतल्या ‘उमर वर्षे ६०’ कडे लक्ष गेलं. म्हणजे हा गृहस्थ सत्त्याऐंशीव्या वर्षी बैलजोडीसाठी कर्ज काढत होता? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, तीच नडली. आता प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आणि वय लिहिल्याशिवाय मी पान उलटत नाही.

मोडी येत नसेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार भेटतात. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यांची नावं मिळतात, फक्त कुळाचा उपाध्याय सापडायला हवा.

त्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या आत्याला एवढं विचारा: इनाम देवस्थानचं होतं, पाटीलकीचं की जातीचं, म्हणजे व्यक्तीला दिलेलं? आणि त्या शिवाराला घरात काय म्हणायचे? त्यावरून कुठला रुमाल मागवायचा ते ठरेल.